डोंगर गावकीचा, सनद डचेसची

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘इटालियन मार्बल’ असे छापले की चौरस फुटाचा भाव आपोआप वर सरकतो. परदेशातून आलेल्या जवळपास कुठल्याही संगमरवराला आपल्या बाजारात हेच नाव मिळते, मग तो ब्लॉक तुर्कस्तानातून का आलेला असेना. ज्या डोंगरांनी या नावाला पत मिळवून दिली ते इटलीच्या टस्कनी प्रदेशातले आपुआन आल्प्स. आज ते लाद्या आणि पुतळ्यांपेक्षा भुकटीच जास्त पुरवतात. कर्रारा शहराच्या डोक्यावरच्या खाणींतून निघणाऱ्या दगडापैकी साधारण तीन-चतुर्थांश, काही हिशेबांप्रमाणे त्याहूनही अधिक, दगड ब्लॉकच्या रूपात बाहेर पडतच नाही. तुकडे आणि चुरा म्हणून तो ट्रकमध्ये भरला जातो, दळला जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन कागद, रंग, प्लॅस्टिक, गोंद आणि टूथपेस्टमध्ये मिसळतो. मायकेलअँजेलोचा दगड दात घासायला गेला म्हणून हळहळणारे लेख युरोपात पुष्कळ लिहिले गेले. त्या हळहळीने काही साधलेले नाही, कारण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. दगडाचा वापर कोण आणि कसा ठरवतो हे त्याच्या मालकीवरून ठरते, आणि कर्राराच्या डोंगरातल्या बऱ्याच भागाची मालकी आजही अठराव्या शतकातल्या एका सनदेवर उभी आहे. ती सनद रद्द केल्याशिवाय या उद्योगाचा नफा-तोटा प्रामाणिकपणे मांडताच येणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

कर्राराच्या वरच्या अंगाला तोरानो, फांतिस्क्रित्ती आणि कोलोन्नाता अशी तीन मोठी खोरी आहेत. रोमनांनी इथला दगड जवळच्या लूनी बंदरातून रोमला नेला. इसवी सन ११३ मधला ट्राजनचा स्तंभ याच दगडाचा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मायकेलअँजेलो ‘पिएता’साठी ब्लॉक निवडायला इथे आला आणि पुढेही येत राहिला. एवढे कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत सापडते. तिच्यात सहसा न सापडणारी तारीख आहे १ फेब्रुवारी १७५१. त्या काळी पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता आणि कर्रारा हा मास्साच्या छोट्याशा डचीचा भाग होता. डोंगर पायथ्याच्या गावांच्या सामाईक मालकीचा होता. आपल्याकडे गायरानावर गावकीचा असतो तसा त्यावर गावांचा हक्क होता. पण संगमरवराची मागणी वाढत गेली तशी काही वजनदार घराण्यांनी गावच्या करनोंदवहीत खाणी आपल्या नावावर चढवून घेतल्या. गावे आणि ही घराणी यांच्यातले तंटे वाढल्यावर डचेस मारिया तेरेसा चिबो मालास्पिना यांनी फर्मान काढले: ज्या खाणी वीस वर्षांहून अधिक काळ नोंदवहीत एखाद्याच्या नावावर आहेत, त्यांच्या धारकांना यापुढे कुणी त्रास देऊ नये. या नोंदलेल्या खाणींना इटालियनमध्ये ‘बेनी एस्तिमाती’ म्हणतात. डचेसचा हेतू तंटा मिटवण्याचा असावा. परिणाम मात्र असा झाला की आधी गिळलेल्या सामाईक जमिनीवर राजमुद्रा उमटली.

त्यानंतर डची गेली, नेपोलियन आला आणि गेला, १८६१ मध्ये इटलीचे एक राज्य झाले, १९४६ मध्ये जनतेने राजा घालवून प्रजासत्ताक आणले. फर्मान टिकून राहिले. १९२७ च्या राष्ट्रीय खाणकायद्याने मास्सा आणि कर्रारा या पालिकांना एका वर्षाच्या आत संगमरवराच्या खाणींची नियमावली करायला सांगितले होते. कर्राराने ती केली १९९४ मध्ये. या ६७ वर्षांच्या दिरंगाईला प्रशासकीय आळस म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण नियम नसण्यात ज्यांचा फायदा होता ते शहरातले सर्वांत बलवान लोक होते. पुढे टस्कनीच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये नवा कायदा केला आणि त्यात एक ओळ धाडसाने घातली: बेनी एस्तिमाती ही पालिकेची, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता आहे. खाणमालक न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. मालमत्तेचे स्वरूप ठरवणे हा दिवाणी कायद्याचा विषय आहे, तो अधिकार देशाच्या संसदेचा आहे, प्रदेशाचा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. निकाल कायद्याच्या चौकटीत चुकीचा म्हणता येणार नाही. उलट त्याने दार कुणी उघडायचे ते नेमके सांगून टाकले. रोमच्या संसदेने ते उघडलेले नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. डोंगराचा जो भाग निर्विवाद पालिकेचा आहे, तिथे खाणपट्टा मुदतीचा असतो, त्यासाठी भाडे भरावे लागते आणि पालिका अटी घालू शकते. जो भाग सनदेखाली येतो, तिथला धारक स्वतःला मालक मानतो आणि भाड्याचा प्रश्नच उद्भवत नाही; उत्खननावरचा कर तेवढा द्यावा लागतो. कित्येक खाणींत हे दोन्ही भाग एकमेकांत मिसळलेले आहेत आणि वायर सॉ दगड कापताना डचेसच्या काळची हद्द विचारात घेत नाही. २०१४ मध्ये सौदी अरेबियातल्या बिन लादेन कुटुंबाने कर्राराच्या एका मोठ्या खाण-कंपनीतला निम्मा वाटा सुमारे साडेचार कोटी युरोंना विकत घेतला, तेव्हा आडनावावरून वृत्तपत्रांनी खमंग मथळे दिले. खरेदीदार कोण हा मुद्दा गौण होता. पायथ्याच्या गावांचा डोंगर १७५१ मध्ये काही घराण्यांच्या नावावर पक्का झाला, त्या घराण्यांच्या वारसांकडून कंपन्यांकडे गेला आणि कंपन्यांचे समभाग आंतरराष्ट्रीय बाजारात विकले गेले, या सगळ्या प्रवासात मूळ मालकाच्या हाती काय पडले, हे कुणी विचारले नाही.

मूळ मालकाच्या वाट्याला जे येते ते पाण्यातून येते. आपुआन आल्प्स हा चुनखडी-संगमरवराचा, आतून पोखरलेला डोंगर आहे. तिथल्या कोर्किया या गुहेची खोली बाराशे मीटरच्या आसपास भरते, यावरून आतल्या भेगांची कल्पना यावी. पावसाचे पाणी या भेगांतून झिरपून झऱ्यांना मिळते आणि हेच झरे खालच्या वस्त्यांना पिण्याचे पाणी पुरवतात. दगड कापताना निघणारी बारीक स्लरी, स्थानिक बोलीत ‘मार्मेत्तोला’, पाण्याबरोबर त्याच भेगांत शिरते. पाऊस पडला की झरे गढूळ होतात, कर्रियोने आणि फ्रिजिदो या नद्यांचे पाणी दुधासारखे पांढरे होते आणि तळावर बसलेल्या थराखाली जलचर गुदमरतात. उतारांवर टाकलेल्या राडारोड्याचे ढीग हा दुसरा धोका. पूर्वी त्यांत मोठे तुकडे असत आणि पाणी त्यांतून मुरत जाई. आता मोठे तुकडे दळायला नेले जातात, मागे माती आणि चुरा उरतो, आणि पाणी मुरण्याऐवजी वेगाने खाली धावते. ५ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्रियोनेचा बंधारा फुटून शहराच्या समुद्राकडच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा संतापलेल्या नागरिकांनी पालिकेच्या इमारतीतच ठिय्या दिला. त्या पुराचे सगळे खापर खाणींवर फोडणे योग्य नाही; बंधाऱ्याच्या बांधकामाच्या दर्जावरही तेव्हा बोट ठेवले गेले. पण डोंगरात वर काय साठवले जाते आणि काय उचलले जाते यावर पालिकेचा पूर्ण ताबा नसेल, तर खाली बंधारे कितीही चांगले बांधले तरी जोखीम तिच्या हाती राहत नाही.

खाणमालकांचा सर्वांत हुशार युक्तिवाद भुकटीबद्दलचा आहे. ते म्हणतात, ब्लॉक काढताना तुकडे पडणारच. ते उतारावर पडून राहण्यापेक्षा त्यांचा उपयोग झाला तर बिघडले कुठे? वाया जाणाऱ्या मालाचे पैसे होतात, ढीग कमी होतात, पर्यावरणवाद्यांनी खरे तर आभार मानावेत. काही दशकांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरेही होते. पण ज्या टाकाऊ मालाला कायमचा ग्राहक मिळतो तो टाकाऊ राहत नाही. स्वित्झर्लंडच्या ओम्या या कंपनीसारखे कॅल्शियम कार्बोनेटचे जागतिक व्यापारी तुकडे घ्यायला तयार असले, की जिथून चांगला ब्लॉक क्वचितच निघेल अशी भेगाळलेली खाणही चालू ठेवणे परवडते. मग ब्लॉक हेच उप-उत्पादन होते. उत्तम प्रतीच्या ‘स्टॅच्युआरिओ’ला टनामागे हजारो युरो मिळतात आणि तुकड्यांना टनामागे जेमतेम काही युरो, तरीही यंत्रांनी भराभर डोंगर खाली आणता आला तर परिमाणाच्या जोरावर गणित बसते. टस्कनीच्या नियोजनकर्त्यांनाही हे कळलेले आहे, म्हणून तर खाणीतून निघणाऱ्या मालात ब्लॉकचे किमान प्रमाण किती असावे हे तिथे नियमाने ठरवून दिले आहे. तुकडे हे खरोखर नाइलाजाने पडणारे अवशेष असते, तर असा नियम करण्याची पाळी आली नसती. आणि भुकटीसाठी हेच डोंगर कशाला हवेत? कॅल्शियम कार्बोनेटला जगात तोटा नाही, शुभ्र चुनखडी कितीतरी देशांत मिळते. पुतळ्याच्या प्रतीचा, एकसंध, मेणासारखा झळकणारा दगड मात्र मोजक्या ठिकाणी आहे. दुर्मीळ वस्तू मुबलक वस्तूच्या भावात विकली जाते, कारण विकणाऱ्याला ती जवळजवळ फुकट पडते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. कर्रारा हे खाणकामगारांचे शहर. लाकडी घसरगाडीला दोर बांधून टनावारी ब्लॉक उतारावरून खाली सोडणारी माणसे इथे पिढ्यानपिढ्या जीव धोक्यात घालत आली. १८९४ च्या जानेवारीत त्यांनी उठाव केला तेव्हा सरकारने लष्करी कायदा पुकारला. पुढे अराज्यवादी पुढारी आल्बेर्तो मेस्की यांच्या नेतृत्वाखाली याच कामगारांनी साडेसहा तासांचा दिवस मिळवला. त्या काळी बाकीचे जग आठ तासांसाठी झगडत होते. अशा शहराला ‘खाणी बंद करा’ असे बाहेरून सांगणे उद्धटपणाचे ठरेल आणि या लेखाचे तसे म्हणणेही नाही. पण कामगाराच्या नावाने आज जो बचाव केला जातो त्यात कामगार उरला आहे किती? एकेकाळी हजारो माणसे डोंगरावर चढत. आता हिरेजडित तारेच्या वायर सॉ आणि अवजड यंत्रांच्या जोरावर कर्राराच्या खाणींत थेट काम करणाऱ्यांची संख्या हजाराच्याही आत आली आहे. डोंगर पूर्वीपेक्षा वेगाने उतरतो आहे आणि मजुरीचा वाटा आटतो आहे. माणसे कमी झाली म्हणून मरणेही थांबलेली नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये कोलोन्नाता खोऱ्यात कडा कोसळून दोन कामगार गेले. खरा रोजगार दगड कापण्यात, घासण्यात, कोरण्यात आहे आणि अनेक ब्लॉक चीन, भारतासारख्या देशांत कच्चेच रवाना होतात. म्हणूनच २०१५ च्या कायद्याने निम्मा माल स्थानिक पातळीवर घडवणाऱ्या धारकाला जास्त मुदतीचा पट्टा देऊ केला. अट चांगली आहे. पण मुदतवाढीचे आमिष ज्याला मुदतच लागू नाही त्याला कसे दाखवणार? सनदेखालच्या खाणींपाशी येऊन ती अट बोथट होते.

‘बाजाराला ठरवू द्या’ म्हणणाऱ्यांसाठी इथे थोडे विषयांतर. हेलसिंकीतले फिनलंडिया सभागृह वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी १९७१ मध्ये कर्राराच्या पातळ लाद्यांनी मढवले. फिनलंडच्या हवेत त्या लाद्या वाकल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या काढून पुन्हा कर्राराच्याच बसवल्या आणि त्याही वाकल्या. अलीकडच्या नूतनीकरणात अखेर दुसरा संगमरवर घ्यावा लागला. शिकागोत १९७३ मध्ये पुरा झालेल्या अमोको मनोऱ्यावर सुमारे ४३ हजार लाद्या होत्या. वीस वर्षांच्या आत त्या सगळ्या उतरवून ग्रॅनाइट लावला गेला. त्या लाद्या विकणाऱ्याने कमावले, विकत घेणाऱ्याने गमावले, आणि डोंगराचा तेवढा भाग कायमचा गेला. कमी भावात मिळणारी वस्तू निष्काळजीपणे वापरली जाते. भाव चढवला तर गिऱ्हाईक तुर्कस्तानकडे वळेल, अशी भीती मालक घालतात. लादीचे काही गिऱ्हाईक वळेलही. स्टॅच्युआरिओ हवा असणारा वळणार नाही, आणि भुकटीवाला वळला तर कर्राराचे फारसे बिघडणार नाही. आफ्योन किंवा बुर्दुरच्या डोंगरांनी तो भार फुकट का सोसावा, हा प्रश्न तुर्कस्तानच्या नागरिकांनी आपल्या सरकारला जरूर विचारावा.

उरतो तो मालमत्तेच्या पवित्रतेचा मुद्दा. अडीचशेहून अधिक वर्षे चालत आलेला हक्क काढून घेतला तर कायद्यावर विश्वास कोण ठेवील, गुंतवणूक कोण करील? महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. राजेरजवाड्यांनी, पेशव्यांनी दिलेली इनामे आणि वतने इथे कित्येक पिढ्या उपभोगली गेली आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकापासून, कायदे करून ती संपवली गेली. न्यायालयांत खटले झाले, मोबदल्यावर वाद झाले, पण ‘सनद आहे’ एवढ्यावर हक्क टिकला नाही. गोव्याचे उदाहरण तर कर्राराला थेट लागू पडते. पोर्तुगीज राजवटीने तिथे शेकडो खाण-सवलती दिल्या होत्या आणि धारक त्यांना कायमची मालमत्ता समजत. १९८७ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून त्या सवलती रद्द केल्या आणि त्यांचे मुदतीच्या खाणपट्ट्यांत रूपांतर केले, तेही गोवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. खाणमालक लढले, वाद वर्षानुवर्षे चालला. गोव्यातला खाण-व्यवसाय त्यामुळे थांबला नाही, उलट पुढच्या काळात भरमसाट वाढला.

इथे चतुर वाचक म्हणेल, आणि वाढून काय झाले? शाह आयोगाने २०१२ मध्ये गोव्यातल्या बेकायदा उत्खननाचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा मांडला. महाराष्ट्रातही गौण खनिज जमीन महसूल संहितेनुसार सरकारच्या मालकीचे, तरी वाळूउपसा आणि क्रशरने पोखरलेल्या टेकड्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. सार्वजनिक मालकीने लूट थांबत नाही, मग कर्रारात ती आणून काय साधणार? या युक्तिवादातला अनुभव खरा आहे, निष्कर्ष खरा नाही. गोव्यात लूट झाली, पण तिला लूट म्हणता आले, कारण खनिज जनतेचे होते. २००७ मध्ये पट्ट्यांची मुदत संपली होती म्हणूनच त्यानंतरचे उत्खनन सर्वोच्च न्यायालय २०१४ मध्ये बेकायदा ठरवू शकले आणि विकलेल्या खनिजाच्या किमतीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश देऊ शकले. घाईने नूतनीकरण केलेले ८८ पट्टे २०१८ मध्ये रद्द झाले तेही याच आधारावर. मुदत नसलेल्या, भाडे नसलेल्या, मालकाच्या मर्जीने चालणाऱ्या खाणीत न्यायालयाने पकडायचे कशाला? सार्वजनिक मालकी ही चांगल्या कारभाराची हमी नव्हे, पण तिच्याशिवाय वाईट कारभाराला जाब विचारण्याची जागाच उरत नाही.

इटलीच्या संसदेने करायचे ते फार गुंतागुंतीचे नाही. आपुआन आल्प्समधला संगमरवर पालिकांची सार्वजनिक मालमत्ता आहे असे एका कलमाने जाहीर करावे. सध्याच्या धारकांना ठरावीक मुदतीचे पट्टे द्यावेत. मुदत संपल्यावर लिलाव करावा. भाडे दगडाच्या बाजारभावाशी जोडावे आणि भुकटीसाठी जाणाऱ्या टनाला ब्लॉकच्या टनापेक्षा जड कर लावावा. धारकांनी यंत्रांत आणि रस्त्यांत घातलेल्या पैशांचा मोबदला जरूर द्यावा. डचेसच्या मेहरबानीचा मोबदला देण्याचे कारण नाही. पोर्तुगीज सत्ता गेल्यावर तिने वाटलेल्या सवलती मोडायला आपल्या संसदेला २६ वर्षे लागली आणि ती दिरंगाई आपण अभिमानाने सांगावी अशी नाही. इटलीत राजेशाही संपून ऐंशी वर्षे होत आली आहेत.